श्रीलंकेला माल पाठवताय? सर्टिफिकेट काढायच्या आधी करार निवडा

भारतातून श्रीलंकेला माल जातो तेव्हा एकाच मालाला आयात ड्युटीत सवलत देणारे तीन करार लागू पडू शकतात, आणि सवलतीसाठी ज्या त्या कराराचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल भारतातलाच असल्याचा दाखला, लागतो. एक भारत-श्रीलंका करार, मार्च 2000 पासून चालू, दुसरा सार्कवाला साफ्टा, 2006 चा, आणि तिसरा आप्टा म्हणजे 1975 चा जुना बँकॉक करार, त्यात चीन आणि दक्षिण कोरियापण आहेत. कोणी बिमस्टेकचं, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचं, नाव काढलं तर सोडून द्या, 2004 ला सह्या झाल्यात पण ड्युटीची सवलत अजून कागदावरच आहे.

पहिलं काम एचएस कोडचं, म्हणजे मालाचा प्रकार सांगणाऱ्या आकडी कोडचं. सुरुवातीचे 6 आकडे सगळीकडे सारखे, पुढचे ज्या त्या देशाचे, म्हणून आपला 8 आकडी कोड तिकडे चालेलच असं नाही, तर तिकडच्या पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्याला, सांगा की तुमच्या कस्टम एजंटला विचारून कोड कळवा, आणि त्याच कोडवर तिन्ही करारांत ड्युटी किती पडते तेही मागवा. माल सेन्सिटिव्ह लिस्टमध्ये (सवलतीतून वगळलेल्या मालाच्या यादीत) निघाला तर त्या करारात सवलत बहुतेक विसराच. आयात सध्या चालू आहे ना हेही विचारा, मध्यंतरी त्यांनी हळदच बंद केली होती, मग सर्टिफिकेट घेऊन काय करणार!

आता ओरिजिन, म्हणजे माल मुळात कुठल्या देशाचा, खरी कटकट इथेच आहे. सांगलीची हळद शेतातली, अख्खी भारतीय, प्रश्नच नाही. पण मसाल्यात बाहेरून आणलेली लवंग घातली की भारतातली व्हॅल्यू मोजावी लागते, भारत-श्रीलंका करारात 35 टक्के, साफ्टात 40, आप्टात 45, आणि पहिल्या दोघांत तयार मालाचं 4 आकडी हेडिंगसुद्धा (एचएस कोडचे पहिले 4 आकडे) बाहेरून आणलेल्या मालापेक्षा वेगळं लागतं. नुसतं पॅकिंग करून लेबल लावलं तर जमत नाही. कस्टमवाले ओरिजिनच्या खोलात जातात ते उगाच नाही, व्हिएतनामची मिरी श्रीलंकेमार्गे आपल्याकडे येते अशी ओरड केरळ-कोडगूच्या शेतकऱ्यांनी केली होती आणि डिसेंबर 2017 ला सरकारने मिरीला किलोमागे 500 रुपये किमान आयात किंमत लावली.

सर्टिफिकेट डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर ऑनलाइन, आयईसी म्हणजे आयात-निर्यात कोड आणि डिजिटल सिग्नेचर किंवा आधार ई-साइन लागते, सोबत इनव्हॉइस आणि कॉस्टिंग. माल निघायच्या वेळीच काढा, नंतर धावपळ होते.

आणि हो, वाचलेली ड्युटी पार्टीच्या खिशात जाते, तुमच्या नाही, म्हणून रेट द्यायच्या आधीच किती वाचतंय ते काढा आणि त्यातला वाटा रेटमध्ये धरा.