दालचिनी की तज? आधी काडी ओळखा, मग चमचा भरा

दुकानात "दालचिनी द्या" म्हटलं की बहुतेक वेळा पुडीत येते ती तज, म्हणजे कॅशिया. अन्नसुरक्षेच्या भारतीय नियमांत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, बाजारात मात्र सगळी दालचिनीच. मसाल्यासाठी तज उत्तम. पण रोज सकाळी गरम पाण्यातून पूड घेणार असाल, तर हातात काय आहे हे कळायलाच हवं. तजेत कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं. ते रोज जास्त प्रमाणात पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला इजा होते. श्रीलंकेच्या, म्हणजे खऱ्या दालचिनीत ते नावापुरतं असतं. "दालचिनी औषधी आहे, बिनधास्त घ्या" असं सांगणारे कोणती दालचिनी हे सांगतच नाहीत, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पूड विकत घेऊ नका, काड्याच घ्या. पूड पाहून काहीच कळत नाही. शिवाय २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) दालचिनीच्या काही पुडींत शिसं जास्त आढळल्याचे इशारे दिले होते. तिकडे राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आता काडी ओळखणं. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

काडी डोळ्यासमोर आडवी धरून टोकाकडून बघा. श्रीलंकेच्या काडीत कागदासारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळून गच्च भरलेले दिसतात. तजेची एकच जाड साल असते, तिच्या दोन्ही कडा आत वळलेल्या आणि मध्ये पोकळी. मग बोटांनी दाबा. श्रीलंकेची काडी सहज चुरते, तज मोडायला बत्ता लागतो. रंगावर मात्र जाऊ नका. "फिकट ती खरी, गडद ती तज" हे ढोबळमानाने बरोबर असलं, तरी साल जुनी झाली किंवा नीट वाळली नाही की रंग बदलतो. नुसत्या सुरळीवरही भरवसा नको. इंडोनेशियाची तज इतकी सुबक गुंडाळलेली येते की लांबून अस्सलच वाटते. सुरळी बघू नका, पापुद्रे मोजा. एकच थर असेल तर ती तज.

कोकणातल्या घरगुती दालचिनीला मात्र हा नियम लावू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारळ-सुपारीच्या बागांत लावतात ती झाडं श्रीलंकेच्याच जातीची असतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं 'कोकण तेज' हे वाणही त्याच जातीचं. पण घरी काढलेली साल पुष्कळदा जाड फांद्यांची, न गुंडाळता तशीच वाळवलेली असते. दिसायला ओबडधोबड, म्हणून लोक तिला तज समजून बाजूला ठेवतात. अशा वेळी नखाएवढा तुकडा दोन मिनिटं चावून बघा. तज आधी झणझणीत लागते, मग कडसर-तुरट होते आणि तोंडात बुळबुळीत चिकटा सुटतो. खरी दालचिनी गोडसर लागते आणि मागून लवंगेची हलकी चव येते. ती युजेनॉल या सुगंधी द्रव्याची, तजेत ते जवळजवळ नसतंच.

पुडीवर आयोडीनचा थेंब टाकायचा प्रयोग बरेच जण सुचवतात. तजेत पिष्ट जास्त, म्हणून ती गडद निळी पडते. पण दोन्हींची भेसळ असेल तर या प्रयोगातून काही ठरत नाही.

प्रमाणाचा हिशोब सोपा आहे. युरोपात कुमारिनची रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. १ ग्रॅम तजेत साधारण ३ मिलिग्रॅम कुमारिन सापडतं. म्हणजे रोजची तज २ ग्रॅमपर्यंतच, आणि चहाच्या एका सपाट चमच्यात अडीच ग्रॅम मावते! रोजच्या एका चमच्यानेच मर्यादा ओलांडली. १५ किलोच्या मुलाला अर्धा ग्रॅम हीच हद्द, म्हणून मुलांच्या दुधात तजेची पूड रोज घालू नका. काडी उकळून काढून टाकली तरी थोडं कुमारिन पाण्यात उतरतंच. यकृताचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका.

स्वयंपाकात घाबरायचं कारण नाही. गोड्या मसाल्याच्या एका चमच्यात तज चिमूटभरही नसते. रस्सा, बिर्याणी, मसालेभात यांना तजच हवी, ती उकळीला टिकते. खीर आणि चहाला श्रीलंकेची.

साखर उतरवण्यासाठी घेणाऱ्यांनी भलती आशा ठेवू नये. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात १० चाचण्या आणि ५७७ रुग्ण तपासले गेले, आणि मधुमेहासाठी दालचिनी सुचवावी एवढा पुरावा मिळाला नाही. त्यातही बहुतेक चाचण्या तजेच्या होत्या. मधुमेहाची गोळी बंद करून दालचिनी घेणं हा धोका आहे. कोरडी पूड तोंडात टाकणंही तसंच, ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

दळताना तज आधी खलबत्त्यात फोडा, मग मिक्सरला लावा. श्रीलंकेची थेट चालते. एका वेळी २०-२५ ग्रॅमच दळा, काचेच्या बरणीत भरून शेगडीपासून लांब ठेवा. दोन्ही घरात असतील तर बरण्यांवर नावं लिहा. दळल्यावर कोणती कुठली ते डोळ्यांना सांगता येत नाही.