वसईतले नाताळ गोठे पाहायला येताय?

गोठे म्हणजे येशूजन्माचे देखावे. आमच्या वसईत नाताळची खरी मजा गल्लीबोळांत आहे, म्हणून गाडी आणायचा मोह टाळा. गावातले रस्ते अरुंद, त्यात संध्याकाळी सगळेच बाहेर पडलेले. पापडी गावासाठी वसई रोड स्टेशनला उतरा, गास आणि निर्मळसाठी नालासोपारा. दोन्हीकडे पश्चिमेला बाहेर पडून रिक्षा करा आणि गावाच्या तोंडाशी सोडून द्या. पुढे पायीच.

सात-साडेसातला पोचा. एका संध्याकाळी एकच गाव धरा. पाच गावं उरकायला गेलात तर फक्त लायटिंग दिसेल.

गोठ्यापाशी मात्र थांबा, खाली वाकून बघा. पोरांनी पेंढ्याने शाकारलेलं छप्पर, मातीचे डोंगर, गहू पेरून उगवलेलं हिरवं शेत, कुठे छोट्या मोटरवर फिरणारी विहिरीची रहाट. आमची जुनी वाडी त्या गोठ्यात जपलेली असते, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. 24 तारखेच्या मध्यरात्रीआधी गेलात तर गव्हाण बहुधा रिकामी दिसेल. बाळ येशू मध्यरात्रीच्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळी ठेवतात. म्हणून मी पाहुण्यांना 25 नंतरच बोलावते. तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीच्या सुमारापर्यंत, बरेच गोठे असतात.

अंगणातला गोठा पाहायचा तर आधी हाक मारा, "बघू का?" विचारा. फोटोही विचारूनच. दिव्याच्या चांदणीच्या वायरींना मुलांना हात लावू देऊ नका. आणि गोठा कोणी केला ते जरूर विचारा, करणारी पोरं तिथेच आसपास असतात.