डाईव्ह वॉचला नाटो पट्टा लावला, काळजी मिटली

तारकर्लीला डायव्हिंगला गेलो तेव्हा बोटीवरच घड्याळाची एक स्प्रिंग बार (पट्टा घड्याळाला धरून ठेवणारी बारीक स्प्रिंगची दांडी) निसटली, पाण्यात निसटली असती तर घड्याळ गेलंच होतं. दोन तुकड्यांच्या पट्ट्याचं हेच आहे, एक बार गेली की सगळं सुटतं. म्हणून नायलॉनचा नाटो पट्टा घेतला, ब्रिटिश संरक्षण खात्याने १९७३ मध्ये ठरवून दिलेला तोच प्रकार, एकच लांब पट्टी दोन्ही बारच्या आतून जाते त्यामुळे एक बार तुटली तरी घड्याळ हातातच राहतं. सोबत बारही जाड स्टीलच्या टाकल्या, खरंतर हे आधी करा. लगमधलं (पट्टा जिथे बसतो त्या घड्याळाच्या शिंगांमधलं) अंतर मोजूनच मागवा, माझं २२ मिमी आहे. आणि वेटसूटवरून (डायव्हिंगचा रबरी सूट) बांधत असाल तर १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, सूटचं निओप्रीन रबर चेपतं, पट्टा सैल पडतो, तेव्हा खाली गेल्यावर एक भोक आवळा.