छोट्या होडीसाठी दुर्बीण: नारळी पौर्णिमेआधी उरकायची खरेदी

होडी अजून किनाऱ्यावर झापांखाली आहे आणि इंजिन मेकॅनिककडे पडलंय, तोवरच दुर्बिणीचं उरकून घ्या. ३१ जुलैला मासेमारीबंदी उठली की डिझेल, दोर आणि लाइफ जॅकेटांच्या धावपळीत ती मागे पडते. मग घाईत कुणीतरी मोबाइलवरून वीस ते शंभर झूमची जत्रेतल्या खेळण्यासारखी वस्तू मागवतो.

आधी काय बघायचंय ते ठरवा. वीस-पंचवीस फुटी फायबरच्या होडीतून हर्णै, दाभोळ, मालवण अशा पट्ट्यात फिरणाऱ्याला क्षितिजावरच्या जहाजाचं नाव वाचून काय करायचंय? त्याला पुढे कुणाचं जाळं आहे का, बांबूवरचं फडकं कोणत्या बाजूला आहे, खडकावर पाणी फुटतंय का हे दिसायला हवं. बंदरात शिरताना डाव्या हाताला ठेवायचा लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) कोणता, उजवीकडचा हिरवा कोणता, हेही कळायला हवं. आणि हे सगळं बहुतेक वेळा पहाटेच्या किंवा तिन्हीसांजेच्या उजेडात. एवढं ठरलं की आकडाही ठरतो: ७ × ५०. म्हणजे सात पट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं.

दुकानदार दहा, बारा पटीची पुढे करील, आणि दुकानाच्या पायरीवरून ती छानच दिसेल. पण होडीत चित्र जितकं मोठं होतं तितकंच हाताचं थरथरणंही मोठं होतं. सातच्या वर गेलात की बोयाचा रंग डोळ्यात ठरायच्या आत निसटतो. पन्नासला सातने भागलं की साधारण सात मिलिमीटर येतात. डोळ्याशी येणारा प्रकाशाचा गोल तेवढा रुंद असतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची बाहुली अंधारात इतकी उघडत नाही, तेव्हा हा जास्तीचा उजेड वाया जातो असं कुणी म्हणेल. हिशेबाने बरोबर आहे. पण होडी हेलकावते तेव्हा डोळा गोलातून सारखा बाहेर जातो, आणि गोल मोठा असला की चित्र काळं पडत नाही. मला तर याच कारणासाठी ७ × ५० हवी. फक्त दिवसाढवळ्या डॉल्फिन दाखवायला जाणाऱ्याला हलकी ७ × ३५ किंवा ८ × ३० सुद्धा पुरेल.

पैसे कमी असतील तर ते आधी पाणीबंद असण्यावर घाला. ‘वेदर रेझिस्टंट’ असं मोघम लिहिलेलं चालवून घेऊ नका. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिली तरी आत थेंब जाणार नाही, अशी खात्री देणारी आयपीएक्स-७ ही खूण शोधा. आत नायट्रोजन भरलेला असला की दमट हवेत भिंगं आतून धुरकटत नाहीत. सेलेस्ट्रॉनची ओशियाना आणि बुशनेलची मरीन या जातीच्या ७ × ५० दुर्बिणी या पातळीवर बसतात. किमतींची तुलना तिथून सुरू करा.

हातात घेतली की दुकानाबाहेर या. हात लांब करून ती आभाळाकडे धरा आणि डोळ्याकडच्या भिंगातला उजेडाचा ठिपका बघा. तो स्वच्छ गोल असेल तर आतलं प्रिझम (चित्र सुलटं करणारी काच) बहुधा बीएके-४ या चांगल्या काचेचं आहे. कडा करड्या, चौकोनी कापल्यासारख्या असतील तर स्वस्त काच. समोरच्या भिंगावर भडक लाल झळाळी असेल तर ठेवून द्या. मग लांबची विजेची तार बघा आणि बघता बघता दुर्बीण डोळ्यापासून सावकाश दूर न्या. दोन्ही नळ्यांतली तार एका पातळीत राहिली पाहिजे. वरखाली झाली तर अर्ध्या तासात डोकं धरणार. चष्मा असेल तर तो लावूनच बघा. डोळा भिंगापासून निदान १५ मिलिमीटर लांब ठेवून पूर्ण गोल दिसला पाहिजे, नाहीतर कडा कापलेलं चित्र मिळेल.

अलंगला मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान विकणारी दुकानं आहेत, तसा जुना माल कुणी आणून दिला तर एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. बारीक पांढरे धागे दिसले तर बुरशी आहे. ती साफ करायचा खर्च स्वस्ताई खाऊन टाकतो.

आतल्या होकायंत्राचा मोह बजेटात बसत नसेल तर सोडा. बसत असेल तर ते आपल्या अक्षांशांसाठी तोललेलं आहे का विचारा; युरोपच्या उत्तरेसाठी बनवलेली चकती इकडे तिरकी होऊन अडकते. सोबतची मिलची पट्टी, म्हणजे चित्रात दिसणाऱ्या कोन मोजायच्या बारीक खुणा, मात्र कामाची. दीपगृहाची उंची मीटरमध्ये घ्या, हजाराने गुणा, पट्टीवर दिसलेल्या मिलने भागा. २० मीटर उंची १० मिल भरली तर तुम्ही दोन किलोमीटरवर आहात.

आता होडीवरची तयारी. या दुर्बिणींत बहुधा दोन्ही डोळ्यांचा फोकस वेगवेगळा लावायचा असतो. एकदा लांबवर लावला की पुढचं सगळं स्पष्ट दिसतं, परत हात लावावा लागत नाही. फोकसच्या कड्यावर आपल्या आकड्याशी नेलपॉलिशचा ठिपका द्या, तांडेलच्या (होडी चालवणाऱ्याच्या) आकड्याशी दुसऱ्या रंगाचा. तरंगणारा पट्टा घेतलात तर घरीच बादलीत दुर्बिणीसकट सोडून बघा, कारण ७ × ५० चं वजन किलोच्या आसपास जातं आणि सगळे पट्टे तेवढं पेलत नाहीत. बंदराला लागल्यावर भिंगावरचं मीठ फडक्याने पुसू नका, ओरखडे उठतील. आधी गोडं पाणी ओता, मग मऊ कापड. जूनमध्ये तिला चामडी पिशवीत कोंडू नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.