शटर जड झालंय? स्प्रिंग बदलायला किती लागतात आणि पैसे नेमके कुठे जातात

मृगाच्या तोंडावर आमच्या कृषी केंद्राचं शटर अडकलं. सकाळचे साडेसात, बाहेर कपाशीच्या बियाण्यासाठी पंधरा-वीस शेतकरी उभे, आणि शटर गुडघ्यापर्यंत येऊन थांबलं, डावी बाजू वर आणि उजवी खाली, दोघांनी खांदा लावला तेव्हा कुठं कमरेपर्यंत गेलं आणि हात सोडल्याबरोबर धाडकन खाली. त्या दिवशी खालून वाकून आत जाऊन माल दिला, वरती लाकडी टेकू लावून, आणि मनात सारखी धास्ती की टेकू सरकला तर काय.

एका वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याने दोनदा वरखाली करून पाहिलं आणि म्हटला पूर्ण शटर गेलंय, नवीन टाका, ७२ चौरस फूट होतं, २५० च्या भावाने १८,००० आणि फिटिंग वेगळं. घाईत माणूस हो म्हणून टाकतो, मी पण म्हणणारच होतो. पण शेजारच्या आप्पांनी त्यांच्या ओळखीचे एक जुने शटरवाले मामा बोलावले. मामांनी शिडी लावली, वरचा पत्रा उघडला, टॉर्च मारला आणि तिथूनच सांगितलं, "येक स्प्रिंग तुटेल शे भो, बाकी बठ्ठं चांगलं शे." म्हणजे एक स्प्रिंग तुटली आहे, बाकी सगळं चांगलं आहे. शेवटी सगळं मिळून २,९७० रुपयांत काम झालं. १८,००० आणि २,९७० मधला फरक फक्त वर चढून बघण्याचा होता, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, ज्याचं दुकान किंवा गोडाऊन आहे त्याने एकदा वाचून ठेवा.

आधी शटर चालतं कसं ते समजून घ्या, म्हणजे कोणी काहीही सांगितलं तरी गोंधळ होणार नाही. वरच्या पेटीत एक लोखंडी पाईप असतो, दोन्ही टोकांना ब्रॅकेटमध्ये यू-क्लॅम्पने घट्ट आवळलेला. हा पाईप स्वतः फिरत नाही. पाईपावर चाकं असतात आणि चाकांच्या आत स्प्रिंग, स्प्रिंगचं एक टोक पाईपाला आणि दुसरं चाकाला अडकवलेलं. शटरच्या पट्ट्या चाकांना जोडलेल्या असतात. आपण शटर खाली ओढतो तेव्हा चाकं फिरतात आणि स्प्रिंगला पीळ बसतो, वर ढकलतो तेव्हा तोच पीळ सुटत सुटत आपल्याला मदत करतो. म्हणजे वजन उचलते ती स्प्रिंग, आपण फक्त हात लावतो.

वजन किती असतं बघा. माझं शटर ९ बाय ८, म्हणजे ७२ चौरस फूट, १८ गेजचा पत्रा, साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा. नुसता सपाट पत्रा धरला तरी ६३ किलो होतात, त्यात पट्ट्यांच्या वळवलेल्या कडा आणि खालची जाड पट्टी धरली की ८० किलोच्या वर जातं. तीन स्प्रिंगांपैकी एक गेली की त्यातला तिसरा हिस्सा तुमच्या खांद्यावर आणि उरलेल्या दोन स्प्रिंगांवर येतो, मग त्याही लवकर जातात. म्हणून "थोडं जड झालंय, चालतंय चालू द्या" असं करू नका, मी चार महिने तसंच चालवलं होतं.

नेमकं काय बिघडलंय ते घरच्या घरी ओळखता येतं. शटर छातीपर्यंत वर घ्या आणि हळूच हात सैल करा, पूर्ण सोडू नका, पाय बाजूला ठेवा. जागेवर थांबलं तर स्प्रिंग ठीक. दोन्ही बाजूंनी सारखं खाली यायला लागलं तर स्प्रिंगा ढिल्या पडल्यात, त्यांना बहुतेक नुसती चावी भरावी लागेल, म्हणजे पाईप फिरवून परत पीळ द्यावा लागेल. एक बाजू वर आणि एक खाली राहत असेल तर खाली राहणाऱ्या बाजूची स्प्रिंग तुटलेली असण्याची शक्यता जास्त, अशा वेळी बऱ्याचदा आधी कधीतरी वरून मोठा खटकन आवाज आलेला असतो, आठवून बघा. आणि वजन ठीक आहे पण मधेच एका ठरावीक जागी अडकतं, करकर वाजतं, तर बहुतेक स्प्रिंगचा संबंध नाही, बाजूचा गाईड वाकलाय, म्हणजे शटर ज्या लोखंडी खाचेतून वरखाली सरकतं ती. ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा छोटा हत्ती मागे घेताना गाईडला ठोकर बसते, आमच्याकडे तर हे नेहमीचं. गाईड सरळ करायला अर्धा तास लागतो, त्यासाठी कोणी स्प्रिंगचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

आता खर्च. माझं बिल असं होतं, तीन स्प्रिंगा ५५० प्रमाणे १,६५०, चार यू-क्लॅम्पचे बोल्ट-नट मिळून १२०, आणि मजुरी १,२०० (मामा आणि त्यांचा पोरगा, अडीच तास). एकच तुटली होती तर तीन का बदलल्या, हा प्रश्न मलाही पडला. कारण तिन्ही एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच वयाच्या, आज एक बदलली तर सहा महिन्यांनी दुसरी जाणार आणि मजुरी परत १,२०० लागणार, शिवाय नवी कडक आणि जुनी नरम असली की शटर तिरकंच चालतं. स्प्रिंग स्वस्त आहे आणि वर चढून पाईप उतरवणं महाग आहे, म्हणून एकदा पाईप उतरवला की सगळ्या बदलून घ्याव्यात. तुमच्या गावात भाव थोडा इकडे तिकडे होईल, जळगाव-धुळ्याला दुकानं जास्त म्हणून स्प्रिंग जरा कमी भावात मिळेल, पण खेड्यावर माणूस बोलावला की गाडीचं भाडं वेगळं, ते आधीच फोनवर विचारून घ्या.

फोनवर बोलताना शटरची रुंदी-उंची फुटात सांगा, पट्टीचा गेज माहीत असेल तर तो सांगा, आणि चार गोष्टी वेगवेगळ्या विचारा: स्प्रिंग एक नग कितीला, मजुरी किती, येण्याजाण्याचे किती, आणि पक्कं बिल घेतलं तर जीएसटी धरून किती. जीएसटी १८ टक्के लागतो, त्यामुळे "३,००० मध्ये करून देतो" म्हणणारा नंतर ३,५४० चं बिल देतो आणि मग तिथं उभं राहून वाद होतो. "सगळं मिळून इतके" असा एकच आकडा सांगणाऱ्याला थोडं थांबवा आणि फोड करायला लावा, चांगला कारागीर त्यात राग मानत नाही.

स्प्रिंग घेताना तारेची जाडी जुन्या स्प्रिंगसोबत जुळवून बघा, दोन्ही शेजारी धरल्या की डोळ्यानेच कळतं. शटरच्या स्प्रिंगला हाय टेन्साइल तार लागते, तिच्यासाठी आयएस ४४५४ हे भारतीय मानक आहे. साध्या तारेची स्प्रिंग दिसायला तशीच चकचकीत असते पण एकदा पीळ खाल्ला की परत पूर्ण सुटत नाही, दोन-चार महिन्यांत ढिली. आणि जुन्या स्प्रिंगा तुमच्याकडेच ठेवून घ्या, एकतर भंगारात जातात आणि दुसरं म्हणजे खरंच तुटलेली होती की नाही ते समोर दिसतं. माझ्या तुटलेल्या स्प्रिंगचं टोक मी हातात घेऊन पाहिलं, तुटलेल्या जागी अर्धा भाग काळा-तांबूस गंजलेला आणि अर्धा ताजा चंदेरी. म्हणजे तडा आधीच पडला होता, कितीतरी दिवस ती अर्ध्या तारेवर ओढत होती.

हे काम स्वतः करू नका, आणि हे मी अगदी मनापासून सांगतोय. शटर उघडून बोल्ट काढायचे एवढंच दिसतं, पण यू-क्लॅम्प सैल केला की स्प्रिंगांचा सगळा पीळ पाईपामार्फत बाहेर पडतो. मामांनी आधी मोठा पाईप पाना पाईपावर लावला, पोराने तो दोन्ही हातांनी धरला आणि मगच क्लॅम्प ढिला केला, आणि पाना इंचाइंचाने सोडत गेले. मामांच्या उजव्या हाताला मनगटाच्या वर एक लांब वण आहे. तरुणपणी एकट्याने करायला गेले, पाना हातातून सुटला आणि गरकन फिरून हातावर बसला, हाड दोन जागी मोडलं. एकटा माणूस आला असेल तर त्याला दुसरा जोडीदार आणायला सांगा, त्याचे तीनशे-चारशे जास्त लागले तरी चालतील. काम चालू असताना पोरंबाळं आणि गिऱ्हाईक शटरखालून जाऊ देऊ नका.

नवीन स्प्रिंगा बसल्या की पाईप परत चढवून चावी भरतात, म्हणजे पाईप पान्याने उलटा फिरवत पीळ देतात आणि क्लॅम्प आवळतात. इथे घाई होते. पीळ कमी पडला तर शटर जड, जास्त झाला तर खाली टेकतच नाही, कुलूप लावताना पायाने दाबून धरावं लागतं आणि स्प्रिंग लवकर तुटते. पैसे द्यायच्या आधी स्वतः दहा वेळा वरखाली करा, मधे तीन-चार ठिकाणी थांबवून बघा, आणि घरातल्या बाईमाणसाला किंवा म्हाताऱ्या माणसाला एकदा उघडायला लावा, त्यांना जमलं पाहिजे.

गोडाऊनचं शटर मोठं असेल तर हिशोब बदलतो. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या दरसूचीत १० चौरस मीटरच्या वरच्या शटरला चेन आणि क्रँकचे वेगळे पैसे धरलेले असतात, म्हणजे साधारण १०८ चौरस फुटाच्या वर. आमच्याकडे केळीच्या आणि कापसाच्या गोडाऊनला १२ बाय १० ची शटरं सर्रास हाताने ढकलायची बसवलेली दिसतात, १२० फूट होतात ते, आणि मग दरवर्षी स्प्रिंग तुटल्याची तक्रार. अशा ठिकाणी स्प्रिंगवर परत परत खर्च करण्यापेक्षा एकदाच चेन गिअर, म्हणजे साखळी ओढून शटर उचलायची सोय, बसवून घेतलेला परवडतो.

आता नवीन कॉलन्यांत काही बंगल्यांना वरती छताकडे सरकणारे गॅरेजचे दरवाजे आलेत, त्याचं थोडं वेगळं आहे. त्यात दोन्ही बाजूंना पोलादी केबल असते, साधारण ३ मिलिमीटर जाडीची, खालच्या कोपऱ्यातल्या ब्रॅकेटला अडकवलेली आणि वरती ड्रमवर गुंडाळलेली. गॅरेज धुताना पाणी साचतं तिथेच, खालच्या टोकाला, केबल गंजते आणि तारा एकेक सुटायला लागतात. एक तार जरी उसवलेली दिसली तरी दरवाजा वापरणं थांबवा. केबल नेहमी दोन्ही बदलायच्या, आणि खालच्या ब्रॅकेटचे स्क्रू स्वतः अजिबात उघडायचे नाहीत, स्प्रिंगचा सगळा ताण त्यावर असतो. बोअरच्या मोटारीला लावतो तो दोर कापून लावायचा जुगाड काही जण करतात, तो करू नका, जाडी वेगळी असल्याने ड्रमच्या खाचेत बसत नाही आणि उडी मारतो. इथे खर्च केबलचा फार नसतो, माणसाच्या येण्याचाच असतो, कारण ही कामं करणारे आपल्याकडे कमी, नाशिकहून बोलवावे लागतात. म्हणून एकदा आला की स्प्रिंगही तपासून घ्या. या दरवाजांच्या स्प्रिंगा साधारण १०,००० वेळा उघडझाप धरून बनवतात, दिवसातून चार वेळा दरवाजा उघडून बंद होत असेल तर साधारण पावणेसात वर्षं झाली.

देखभालीला जवळपास काहीच खर्च नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात धूळ किती उडते माहीत आहे, त्यामुळे गाईडमध्ये जाड ग्रीस भरू नका, धूळ आणि ग्रीस मिळून काळा लगदा होतो आणि शटर त्यातच घासतं. कोरड्या फडक्याने गाईड पुसायचा आणि पातळ तेलाचा नुसता हात फिरवायचा, महिन्यातून एकदा. पावसाळ्याआधी खालच्या पट्टीला आतून रंगाचा हात द्या, पाणी तिथंच लागतं. आणि दुरुस्ती काढायची तर आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) किंवा दिवाळीच्या आठवड्यात काढू नका, कारागीर मिळत नाही आणि मिळाला तर मागेल तो भाव. उन्हाळ्यात दुपारी बाजार बंदच असतो, तेव्हा बोलवा.

मामांनी जाताना खडूने आतल्या भिंतीवर तारीख, स्प्रिंगा तीन आणि चावीचे फेरे किती दिले ते लिहून ठेवलं. खडू पुसला जाईल म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्यावरच ऑइल पेंटने गिरवून घेतलं, पुढचा जो कोणी कारागीर येईल त्याला तिथूनच सुरुवात करता येईल.