गाव रिकामं होतंय, म्हातारं होतंय की शहर होतंय? आपल्या तालुक्याचे आकडे स्वतः कसे वाचायचे

लग्नात, ग्रामसभेत, व्हॉट्सअॅप ग्रुपवर, जिकडे जाल तिकडे एकच ऐकू येतं की गावात आता कोणी राहिलं नाही, सगळे पुण्यामुंबईला गेले. काही गावांबद्दल हे शंभर टक्के खरं आहे आणि काही गावांबद्दल साफ चुकीचं आहे. माणसं निघून जाणं वेगळं, माणसं तितकीच राहून गाव म्हातारं होणं वेगळं, आणि कोणीच कुठे न जाता गावच शहर होऊन बसणं हे तर तिसरंच. तिन्हीला उपाय वेगळे लागतात, म्हणून बोलायच्या आधी आपल्या गावाचं नक्की काय चाललंय ते बघून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. मोबाईल किंवा लॅपटॉप, एक्सेल आणि दोनतीन संध्याकाळी एवढ्यात होतं हे.

आधी मोठं चित्र डोक्यात पक्कं करा. २००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख होती, २०११ ला ११ कोटी २४ लाख झाली. शहरी भाग त्या दहा वर्षांत २३.६ टक्क्यांनी वाढला, ग्रामीण १०.४ टक्क्यांनी. ग्रामीण वाटा साडेसत्तावन्न टक्क्यांवरून पावणेपंचावन्नवर आला. इथेच बरेच जण घसरतात, वाटा कमी झाला म्हणजे माणसं कमी झाली असं धरून चालतात. प्रत्यक्षात राज्याच्या ग्रामीण भागात त्याच काळात जवळपास ५८ लाख माणसं वाढली. म्हणून टक्का आणि आकडा नेहमी शेजारीशेजारी लिहायचे.

आता आपल्या गावाचं. जनगणनेच्या वेबसाईटवर प्रत्येक जिल्ह्याची जनगणना पुस्तिका आहे, त्यात गावनिहाय तक्ते मिळतात. २०११ ला प्रत्येक गावाला सहा अंकी कोड दिलाय, तो आधी शोधून ठेवा कारण एकाच नावाची तीनतीन गावं एका जिल्ह्यात निघतात, खुर्द बुद्रुकचा घोळ तर ठरलेलाच. मग एक्सेलमध्ये २००१ आणि २०११ असे दोन कॉलम करा आणि गावासाठी एवढ्या ओळी भरा: एकूण कुटुंबं, एकूण माणसं, पुरुष, स्त्रिया, ० ते ६ वयाची मुलं मुली, शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगवाले, इतर कामगार. कामगारांमध्ये मुख्य आणि सीमांत असे दोन भाग असतात, वर्षात सहा महिने किंवा जास्त काम मिळालं तो मुख्य, त्यापेक्षा कमी तो सीमांत. सीमांतचा आकडा फुगला असेल तर गावात काम आहे पण पुरत नाही असं समजा.

वाढीचा टक्का काढायला २०११ मधून २००१ वजा करा, २००१ ने भागा, शंभरने गुणा. रत्नागिरी जिल्हा घ्या, १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९, म्हणजे उणे ४.८ टक्के. सिंधुदुर्ग उणे २.२. आणि त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा (पालघर तेव्हा वेगळा झाला नव्हता, तो २०१४ ला झाला) अधिक ३६ टक्के! मुंबई शहर जिल्हा मात्र उणे साडेसात, म्हणजे फक्त खेडंच रिकामं होतं असंही नाही, गिरणगाव आणि जुन्या चाळींमधून माणसं उपनगरात आणि पुढे ठाणे, कल्याण, वसई, विरारला सरकली.

पण नुसती एकूण संख्या बघून थांबू नका, खरी गोष्ट कोण गेलं यात आहे. त्यासाठी स्त्री पुरुष प्रमाण बघा. रत्नागिरीत २०११ ला दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हे वाचून काही जण खूष होतात की बघा कोकणात मुलींना किती मान. पण त्याच जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात मुलींचं प्रमाण हजाराच्या खालीच आहे, मग मोठेपणी स्त्रिया जास्त कशा, तर कमावते पुरुष मुंबईत आहेत आणि मोजणीच्या वेळी ते मुंबईत मोजले गेले. तुमच्या गावात ही दोन प्रमाणं शेजारी ठेवा, लहान मुलांचं हजाराच्या खाली आणि एकूण हजाराच्या वर असेल तर पुरुष बाहेर गेलेत. उलट एखाद्या एमआयडीसीजवळच्या गावात एकूण प्रमाण खूपच खाली असेल तर बाहेरून एकटे पुरुष कामाला आलेत, खोल्या भाड्याने गेल्यात.

मग ० ते ६ चा वाटा. राज्यात तो १४ टक्क्यांवरून १२ च्या आत आला, म्हणजे मुलं सगळीकडेच कमी होतायत, शहरात पण आणि गावात पण. तुमच्या गावात तो राज्यापेक्षा बराच खाली असेल आणि कुटुंबांची संख्या मात्र तेवढीच किंवा वाढलेली असेल तर गाव म्हातारं होतंय, घरात आजीआजोबा आहेत पण नातवंडं शहरात. अशा गावाला शाळेच्या नव्या खोलीआधी दवाखाना आणि वेळेवर येणारी एसटी लागते.

आता तिसरा प्रकार, गाव शहर होणं. जनगणनेत शहर दोन प्रकारे ठरतं. एक, जिथे नगरपालिका, नगरपंचायत, महापालिका किंवा छावणी परिषद आहे. दुसरं, ग्रामपंचायतच असते पण लोकसंख्या किमान ५०००, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर, अशा गावाला जनगणना नगर म्हणतात. देशात अशी नगरं २००१ ला १३६२ होती, २०११ ला ३८९४ झाली. म्हणजे शहरीकरणाचा बराच मोठा भाग हा पेटी उचलून शहरात जाण्याचा नाहीच, माणसं जागेवर आहेत आणि पाटी बदलली. पण गटार, पाणी, कचरा सांभाळायला अजून ग्रामपंचायतच. माझ्या मते अशी गावं सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहेत, तुमचं गाव या तीन अटींच्या जवळ आलंय का हे नक्की तपासा.

याच कारणाने हद्दीबाबत सावध राहा. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं घेतली, २०१४-१५ च्या सुमारास राज्यात कितीतरी तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती नगरपंचायती झाल्या. त्यामुळे तालुक्याची ग्रामीण लोकसंख्या कमी दिसली तर आधी बघा की एखादं मोठं गाव ग्रामीण यादीतून बाहेर पडलंय का. तुलना करताना दोन्ही वर्षांना तीच गावं धरायची.

२०११ नंतरचं काय, हा प्रश्न येणारच, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही. मग गावातल्या नोंदींवर यावं लागतं आणि प्रत्येक नोंदीची एक खोड असते. जन्म नोंद जिथे बाळंतपण झालं तिथे होते, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात, वर पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या रजिस्टरवरून मुलं मोजायची नाहीत, अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंच्या वहीवरून मोजायची. मतदार यादीत बाहेर गेलेल्यांची नावं वर्षानुवर्षं तशीच राहतात, तिचा उपयोग वय बघायला करा, २५ च्या आतले किती आणि साठीच्या पुढचे किती. शाळेचा पट कमी झाला तर मुलं गेलीच असं नाही, व्हॅनने इंग्लिश मीडियमला जात असतील, म्हणून अंगणवाडीतून बाहेर पडलेली मुलं आणि पहिलीत आलेली मुलं यांची गाठ घालून बघा. घरपट्टीच्या यादीवरून बंद घरं मोजता येतात, पण शिपायाला किंवा एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेऊन, कारण कुलूप कोणाचं गणपतीला उघडतं आणि कोणाचं कधीच नाही हे त्यांनाच माहीत असतं.

पैशाची बाजू. देशात खेड्यातल्या एका माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च २०११-१२ ला १४३० रुपये होता, २०२२-२३ ला ३७७३ झाला, शहरात २६३० वरून ६४५९. हे बघून वाटतं अडीच पटीच्या आसपास प्रगती, पण महागाई काढून टाकली, म्हणजे २०११-१२ च्या भावाने मोजलं, तर खेड्यात २००८ आणि शहरात ३५१० एवढंच उरतं. खेड्यात साधारण ४० टक्के वाढ, शहरात ३३ च्या आसपास. म्हणजे दरी थोडी कमी झाली, पण शहरातला माणूस अजून दीडपटीहून जास्त खर्च करतो. कुठलाही जुना नवा रुपयाचा आकडा शेजारी ठेवताना भाव कोणत्या वर्षाचे आहेत ते विचाराच.

जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न राज्याच्या आर्थिक पाहणीत दरवर्षी येतं, बजेटच्या आधी. ते वापरा पण जपून. चंद्रपुरात कोळसा खाणी आणि मोठं वीजकेंद्र आहे, तिथे तयार झालेली किंमत जिल्ह्याच्या नावावर लागते, ती मूल तालुक्यातल्या किंवा सिंदेवाहीच्या धान उत्पादकाच्या खिशात जातेच असं नाही. तालुक्यासाठी जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन बघा, त्यात पेरा, सिंचन, पशुधन, बँका सगळं मिळतं. आणि मघाशी भरलेल्या कामगारांच्या ओळी परत काढा. देशात शेतकरी १२.७३ कोटींवरून ११.८८ कोटींवर आले आणि शेतमजूर १०.६८ वरून १४.४३ कोटी झाले. तुमच्या गावातही असंच असेल तर शेती सोडून लोक नोकरीला लागले असं म्हणू नका, बरेच जण वाटण्या होऊन तुकडा उरल्यावर दुसऱ्याच्या बांधावर गेलेत. याला जोड म्हणून डेअरीचं दूध संकलन, खुरपणीची आणि सोंगणीची मजुरी, आठवडे बाजारात किती गाळे लागतात हे पाच वर्षांपूर्वीचं आणि आत्ताचं विचारून लिहा.

हे सगळं एका पानावर आणा आणि ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभेत ठेवा. पंधराव्या वित्त आयोगाने निधी वाटपासाठी २०११ ची लोकसंख्या धरली होती, त्यामुळे वाढलेल्या गावाला माणसांच्या मानाने पैसे कमी पडले, आणि हे लेखी मांडलं तर जिल्हा परिषदेकडे दुसऱ्या योजनेतून मागायला आधार मिळतो.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरतात तो दिवस, १ मार्च २०२७ आहे, म्हणजे मोजणी परत फेब्रुवारीत. बीड, पाथर्डी, आष्टी, पाटोदा भागातली ऊसतोड कुटुंबं तेव्हा कारखान्याच्या फडावर असतात आणि मोजणीच्या पूर्ण काळात बाहेर असलेला माणूस जिथे आहे तिथेच मोजायचा असा नियम आहे. त्यामुळे अशा गावांनी दिवाळीनंतर टोळ्या निघतानाच मुकादमाकडून कुटुंबांची यादी घ्यावी, किती माणसं, किती लहान मुलं, कुठल्या कारखान्याला, आणि ग्रामसेवकाची (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) तारखेसह सही घेऊन ठेवावी, म्हणजे उद्या गावाचा आकडा कमी आला तर शेजारी ठेवायला काहीतरी असेल.