व्होल्टेज-करंटवरून ओहम आणि वॅट काढताना या चुका टाळा

व्होल्टेजला करंटने भागलं की ओहम, म्हणजे रोध मिळतो, दोन्हींचा गुणाकार केला की वॅट, म्हणजे ताकद. हिशोब इतका सोपा असूनही उत्तर चुकतं, कारण एक आकडा मीटरवर वाचलेला आणि दुसरा उपकरणाच्या पट्टीवरून उचललेला असतो. दोन्ही आकडे एकाच वस्तूचे, त्याच दोन टोकांमधले आणि एकाच वेळचे हवेत.

२३० व्होल्ट धरून चालणं

गिझरवर २००० वॅट, २३० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे करंट ८.७ अँपिअर आणि कॉइलचा रोध साधारण २६.५ ओहम. समजा, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या एखाद्या वाड्यावर संध्याकाळी १९० व्होल्टच भरले. अशा वेळी बरेच जण २००० भागिले १९० करतात आणि १०.५ अँपिअर काढून मोकळे होतात. पण त्या वेळी गिझर २००० वॅट घेतच नाही. कॉइलचा रोध बदलत नाही, म्हणून १९० भागिले २६.५, म्हणजे ७.२ अँपिअर. वॅट उरले सुमारे १३६५. व्होल्टेज १७ टक्क्यांनी उतरलं, पण ताकद ३२ टक्क्यांनी घटली, कारण ती व्होल्टेजच्या वर्गावर चालते. २५ लिटर पाणी २५ अंशांनी तापायला २२ मिनिटांऐवजी ३२ मिनिटं लागतील. कॉइल बदलण्याआधी सॉकेटवरचं व्होल्टेज बघा, तेही गिझर चालू असताना.

मोटरला गिझरचं गणित लावणं

कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पंपाचं वागणं उलटं असतं. व्होल्टेज उतरलं की मोटर तेवढंच पाणी ओढायला जास्त करंट घेते आणि तापते. तिथे रोध कायम धरून केलेला हिशोब फसतो.

मोटर बंद करून कॉइलवर मल्टिमीटर लावला आणि ४ ओहम आले, म्हणून २३० भागिले ४ करून ५७ अँपिअर काढू नका. मोटर फिरू लागली की तिच्या आतच उलटं व्होल्टेज तयार होतं. चालू मोटरचा करंट क्लॅम्प मीटरनेच (वायरभोवती चिमट्यासारखा बसणाऱ्या मीटरने) मोजावा, आणि क्लॅम्पमध्ये एकच वायर घ्यावी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या तर मीटर शून्य दाखवतो.

७ अँपिअर मिळाले तर २३० गुणिले ७, म्हणजे १६१०. हे व्होल्ट-अँपिअर झाले, वॅट नव्हेत. पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती, ते गुणोत्तर) ०.८ असेल तर वॅट १२८८. आता पट्टीवर १ एचपी, म्हणजे ७४६ वॅट लिहिलेले असतात, मग मोटर जास्त का खाते? ७४६ हे दांड्यावर मिळणारं काम आहे. मोटरमधली तूट धरली की आत घेतलेले वॅट बरेच जास्त येतात.

पंप विहिरीवर ६० मीटरवर असेल तर वायरचा रोध १२० मीटरचा धरा, कारण करंट जातो आणि परतही येतो. १ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला सुमारे १८ ओहम. १२० मीटरला २.२ ओहम होतात आणि ७ अँपिअरवर १५ व्होल्ट वाटेतच जातात. २.५ स्क्वेअर एमएम वायर घातली तर ६ व्होल्ट जातील. मोटर सुरू होताना करंट कितीतरी पट असतो, तेव्हा हीच तूट त्याच प्रमाणात वाढते.

सांध्याचा रोध मल्टिमीटरने शोधणं

किनाऱ्याजवळच्या घरांत हा बिघाड सर्वात त्रासदायक. खाऱ्या वाऱ्याने सॉकेटच्या पितळी पट्ट्या आणि कनेक्टर हिरवे पडतात, स्क्रू सैल होतात, सांध्यात ०.३ ओहम भर पडते. मल्टिमीटरच्या प्रोबचाच रोध साधारण तेवढा असतो, त्यामुळे ओहम रेंजवर काहीच कळत नाही. क्लॅम्प मीटरवरही ८.७ ऐवजी ८.६ दिसतो. एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. पण ८.६ चा वर्ग गुणिले ०.३ म्हणजे २२ वॅट, जवळजवळ एका सोल्डरिंग आयर्नची उष्णता, प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये कोंडलेली.

इथे सूत्रात २३० घालणारे हमखास चुकतात. २३० चा वर्ग भागिले ०.३ केलं तर पावणेदोन लाख वॅट येतात. सांध्यावर २३० नसतात, जेमतेम २.६ व्होल्ट असतात. गिझर चालू ठेवून सांध्याच्या अलीकडे-पलीकडे व्होल्टेज मोजायचं आणि त्याला करंटने भागायचं, की सांध्याचा रोध मिळतो. हे मोजमाप चालू लाइनीवरचं आहे. परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

मिलिअँपिअर विसरणं

चवथीच्या मखरात पांढरे एलईडी लावताना १२ व्होल्टला थेट २० मिलिअँपिअरच्या २० ने भागू नका. एलईडी स्वतः ३ व्होल्ट घेतो, उरतात ९. करंट २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर. म्हणून रेझिस्टर ४५० ओहमचा हवा, बाजारात ४७० चा मिळतो. त्यात ०.१७ वॅट उष्णता होते. पाव वॅटचा चालेल, पण गरम राहील. अर्ध्या वॅटचा घ्या.

पिवळ्या बल्बच्या बाबतीत लक्षात ठेवा, १०० वॅटच्या तारेचा रोध पेटलेल्या स्थितीत ५२९ ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी.

पावसाळ्यात ईएलसीबी पडतो तेव्हा

कॉइल २६ ओहम दाखवते, म्हणून गिझर ठीक ठरवू नका. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा स्विच) पडायला फेजपासून अर्थिंगपर्यंतचा रोध ७,७०० ओहमपर्यंत उतरला की पुरे. कधी त्याआधीही पडतो. ही गळती शोधायची तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटे करून कॉइल आणि बॉडीमध्ये ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर) लावावा लागतो. मल्टिमीटर छोट्या बॅटरीवर मोजतो, त्याला ओलसर कॉइलही निर्दोष वाटू शकते. मेगरवर १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर कॉइल बदला, आणि तोवर त्या नळाचं गरम पाणी वापरू नका.